छापखान्याचे टाळे आणि ग्रूपची नोटीस

(बुलढाणा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



बुलढाणा जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांत आज असे गाव क्वचितच सापडेल, की ज्याच्या नावाने एखादा व्हॉट्सअ‍ॅप ग्रूप चालत नाही. कापसाचा आणि सोयाबीनचा भाव, पीकविम्याची रखडलेली रक्कम, रेशन दुकानात आलेले धान्य, एसटीची बंद पडलेली फेरी, शेगावला निघालेली दिंडी आणि तहसीलवरच्या मोर्चाची हाक या साऱ्यांचा उच्चार पूर्वी पारावर आणि चावडीसमोर होत असे. आज तो या ग्रूपवर होतो. असा ग्रूप चालवणारा मनुष्य बहुधा पक्षाचा कार्यकर्ता असतो, शाळामास्तर असतो, नाही तर शिकून गावीच राहिलेला एखादा बेकार तरुण असतो. त्याला त्यातून एक पैसाही मिळत नाही. मात्र ग्रूपवर कोणी काही वावगे लिहिले, की पोलीस ठाण्याचे पहिले बोलावणे पुष्कळदा त्यालाच येते. लिहिणारा कोण, याची चौकशी मागाहून होते; ग्रूप कोणाचा, ही चौकशी आधी होते.

एकाने लिहिलेल्या शब्दाचे उत्तर दुसऱ्याने द्यावे काय, द्यायचे तर कोणी, कोणापुढे आणि कोणत्या मर्यादेत द्यावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. तो केवळ वकिलांचा विषय नाही. ज्या चळवळीजवळ ना दैनिक आहे ना दूरचित्रवाहिनी, तिच्या दृष्टीने हा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

नागपूर खंडपीठाचा निर्णय

बुलढाणा जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतो, आणि या प्रश्नावरचा एक महत्त्वाचा निर्णय त्याच खंडपीठाचा आहे. गोंदिया जिल्ह्यातील एका ग्रूपवर एका सदस्याने एका महिला सदस्याविषयी घाणेरडी भाषा वापरली. अ‍ॅडमिनने त्या सदस्याला काढून टाकले नाही, त्याला माफीही मागायला लावली नाही, म्हणून स्त्रीच्या विनयासंबंधीच्या गुन्ह्यांत आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली अ‍ॅडमिनलाही आरोपी करण्यात आले. १ मार्च २०२१ रोजी न्यायमूर्ती झेड. ए. हक व न्यायमूर्ती अमित बोरकर यांनी अ‍ॅडमिनविरुद्धची ही कार्यवाही रद्द केली.

निर्णयामागचा विचार प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावा असा आहे. अ‍ॅडमिनला सदस्य घेता येतो आणि काढता येतो, याहून अधिक मोठी सत्ता त्याच्यापाशी नसते. सदस्याचा मजकूर प्रसिद्ध होण्यापूर्वी तो तपासणे किंवा रोखणे त्याच्या हाती नाही. दुसऱ्याच्या गुन्ह्याचे दायित्व एखाद्यावर टाकायचे, तर तशी स्पष्ट तरतूद कायद्यात असावी लागते. ती येथे नाही. दोघांचा समान उद्देश होता, आधी ठरवून कट केला होता, असे दाखवता आले तर गोष्ट निराळी. त्यापूर्वी २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही बदनामीच्या एका दाव्यात अशाच अर्थाचे मत दिले होते. ज्या कागदावर बदनामीकारक मजकूर छापला, तो कागद बनवणाऱ्या कारखानदाराला जबाबदार धरावे, तसेच अ‍ॅडमिनला जबाबदार धरणे होईल, असा दृष्टान्त त्या न्यायालयाने दिला. २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाचा निर्णयही याच वाटेने गेला.

म्हणजे कायदा पुरेसा स्पष्ट आहे. तरीही सणासुदीच्या आणि निवडणुकांच्या दिवसांत अ‍ॅडमिनना तंबी देणारी पत्रके निघतात, नोटिसा बजावल्या जातात. दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून प्रतिबंध करण्याचा पोलिसांचा जो अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ मध्ये होता आणि १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ मध्ये आहे, त्याचा आधार घेतला जातो. खटला उभा राहणार नाही हे नोटीस काढणाऱ्याला माहीत नसते असे नव्हे. परंतु खटला हा त्या नोटिशीचा हेतूच नसतो. नोटीस मिळालेला तरुण दुसऱ्या दिवशी ग्रूपला कुलूप लावतो, 'फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील' अशी कळ दाबतो आणि मोकळा होतो. रखडलेल्या पीकविम्याची तक्रारही त्या कुलपाआड जाते.

मुद्रकाची मानगूट

बोलणाऱ्याऐवजी वाहणाऱ्याला धरण्याची ही युक्ती नवी नाही. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या देशी भाषांतील वृत्तपत्रांविषयीच्या कायद्याने मुद्रक व प्रकाशक यांच्याकडून हमीपत्र घेण्याचा आणि प्रसंगी छापखान्याची सामग्री जप्त करण्याचा अधिकार सरकारला दिला. तो कायदा इंग्रजी पत्रांना लागू नव्हता. कलकत्त्याच्या 'अमृत बझार पत्रिके'ने त्यावर तोड म्हणून इंग्रजी रूप धारण केले, ही कथा सर्वश्रुत आहे. १८९७ साली 'केसरी'तील लिखाणाबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा मुद्रक केशव महादेव बाळ यांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात आले होते. टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि मुद्रक निर्दोष सुटले. परकीय सत्तेच्या न्यायालयातही लिहिणारा आणि छापणारा यांत भेद होऊ शकला, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. पुढे १९१० च्या कायद्याने छापखानदाराकडून अनामत रक्कम मागण्याची आणि ती जप्त करण्याची व्यवस्था केली.

या व्यवस्थेतील मर्म असे, की प्रत्येक हस्तलिखितापाशी सरकारला शिपाई बसवावा लागत नाही. ज्याचा छापखाना जाणार असतो, तोच हस्तलिखित सरकारच्या नजरेने वाचू लागतो. त्याला लेखकाच्या विचारांविषयी आस्था नसते, लेखकाइतके धैर्य असण्याचे कारणही नसते. त्याला पोट आणि कर्ज असते. म्हणून सरकार ज्या चार ओळी गाळील, तेथे तो चौदा ओळी गाळतो.

आणीबाणीत हेच घडले. २६ जून १९७५ पासून पूर्वतपासणी लागू झाली. १९७६ मध्ये आक्षेपार्ह मजकूर प्रतिबंधक कायदा आला, आणि त्यात छापखान्यांकडून तारण मागण्याची जुनी ब्रिटिश तरतूद पुन्हा अवतरली. त्या काळात अनेक छापखानदार विरोधकांची पत्रके हाती घेण्यास धजत नव्हते. तरीही त्याच अंधारात मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती माडोन व कानिया यांच्या खंडपीठाने १९७६ मध्ये तपासनिसाच्या अधिकारांना मर्यादा घातली आणि सरकारवरील टीका म्हणजे देशद्रोह नव्हे, हे तत्त्व उचलून धरले. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात १९७५ मध्ये दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून जे निर्भयपणे मांडले, त्याची किंमत त्यांनी पुढे तुरुंगात मोजली. १९७७ मध्ये जनतेने निकाल दिला आणि तो कायदाही रद्द झाला. छापखान्याचे टाळे निघाले. पण टाळे लावण्याची वृत्ती गेली नाही.

कंपनी नावाचा नवा छापखानदार

आज कोट्यवधी लोकांचा मजकूर फेसबुक, यूट्यूब, एक्स अशा मोजक्या कंपन्यांच्या यंत्रांवरून वाहतो. कायदा त्यांना 'मध्यस्थ' म्हणतो. २००४ च्या डिसेंबरात बाजी डॉट कॉम या संकेतस्थळावर एका वापरकर्त्याने अश्लील चित्रफीत विक्रीस मांडली, म्हणून त्या कंपनीच्या प्रमुखालाच दिल्लीत अटक झाली. त्यानंतर २००८ मध्ये दुरुस्ती होऊन कलम ७९ ला आजचे रूप आले. मध्यस्थाने स्वतः मजकूर लिहिला नसेल, निवडला नसेल आणि योग्य ती दक्षता घेतली असेल, तर दुसऱ्याच्या मजकुराबद्दल त्याला दायित्व नाही. मात्र बेकायदा मजकुराची जाणीव करून दिल्यावर तो हटवला नाही, तर हे संरक्षण जाते.

'जाणीव' म्हणजे काय, हा कळीचा मुद्दा होता. कोणीही तक्रार करावी आणि कंपनीने निमूटपणे मजकूर काढावा, असे होऊ लागले, तर न्यायाधीशाचे काम कंपनीच्या कारकुनाकडे जाते. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात स्पष्ट केले, की ही जाणीव न्यायालयाच्या आदेशाने किंवा शासनाच्या अधिसूचनेने झालेली असली पाहिजे, आणि मजकूर घटनेच्या १९(२) या अनुच्छेदातील निर्बंधांच्या कक्षेत बसला पाहिजे. त्याच निकालाने कलम ६६ अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. त्या कलमाचा दाहक अनुभव महाराष्ट्राला होता. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असा साधा प्रश्न फेसबुकवर विचारणाऱ्या पालघरच्या एका तरुणीला आणि तो मजकूर पसंत करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती. जिने केवळ पसंतीचा अंगठा दाखवला तीही गुन्हेगार ठरली. कलम रद्द झाल्यावरही देशभर पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवीत राहिले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये आश्चर्य व्यक्त करावे लागले आणि २०२२ मध्ये पुन्हा आदेश द्यावे लागले.

याच कायद्यात कलम ६९ अ आहे. त्याखाली केंद्र सरकार मजकूर रोखण्याचे आदेश देते, आणि २००९ च्या नियमांनी हे आदेश गोपनीय ठेवण्याचे बंधन घातले आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या वेशीवर शेतकरी बसलेले असताना 'किसान एकता मोर्चा' आणि 'कॅरव्हान' मासिक यांच्यासह अडीचशेच्या आसपास ट्विटर खाती अशाच आदेशाने काही काळ अंधारात गेली. ज्यांचा आवाज बंद झाला त्यांना आधी कारण सांगितले गेले नाही. त्याच महिन्यात आलेल्या नव्या नियमांनी कंपन्यांवर आदेश पाळण्यासाठी ३६ तासांची मुदत घातली. पुढे गृहमंत्रालयाने 'सहयोग' नावाचे संकेतस्थळ उभारले. त्यावरून निरनिराळी खाती कलम ७९ च्या आधारे थेट कंपन्यांना सूचना धाडू लागली. त्याविरुद्धची एक्स कंपनीची याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. कलम ७९ हे मुळात ढाल म्हणून घडले होते. तिची धार काढून तलवार करण्यात आली आहे, असे म्हणणे भाग आहे.

शेगावची टकली आणि सत्याचा मक्ता

सत्य काय ते सरकारने ठरवावे, अशीही एक तरतूद होऊन गेली. ६ एप्रिल २०२३ च्या नियमदुरुस्तीने केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीची माहिती 'खोटी, बनावट वा दिशाभूल करणारी' आहे असा शिक्का मारण्याचा अधिकार सरकारच्याच एका पथकाला देऊ केला. शिक्का बसलेला मजकूर ठेवील ती कंपनी आपले संरक्षण धोक्यात घालील, अशी ती योजना होती. कुणाल कामरा व इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयात ३१ जानेवारी २०२४ रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल व न्यायमूर्ती नीला गोखले यांची मते भिन्न पडली. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती पटेल यांच्या बाजूने कौल दिला आणि ही दुरुस्ती रद्द झाली.

याचे मोल बुलढाणा जिल्ह्याला चार महिन्यांतच कळले. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत माणसांचे केस अवघ्या काही दिवसांत गळून टकले पडू लागले. लहान मुले आणि स्त्रियाही त्यातून सुटल्या नाहीत. गावकऱ्यांची ती चित्रे फोनच्या पडद्यावरून देशभर गेली आणि वैद्यकीय पथके खेड्यांत आली. प्रारंभी बुरशीचा संशय झाला, मग पाण्याकडे बोट दाखवले गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉ. हिंमतराव बावसकर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमच्या आधिक्याकडे लक्ष वेधले. त्यांच्या निष्कर्षाचा अंतिम निवाडा वैद्यकशास्त्र करील. येथे मुद्दा निराळा आहे. 'रेशनच्या गव्हात दोष आहे' हे विधान केंद्र सरकारच्या धान्यव्यवस्थेविषयीचे विधान होय. ती दुरुस्ती जिवंत असती, तर अशा विधानावर दिशाभुलीचा शिक्का मारण्याचा अधिकार ज्यांच्या गव्हाविषयी प्रश्न होता त्यांच्याच हाती राहिला असता. आरोपीलाच पंच नेमणे यापेक्षा वेगळे काय असते? रेशनच्या रांगेत उभा राहणारा गरीब माणूस प्रयोगशाळा चालवू शकत नाही. त्याच्यापाशी संशय असतो, अनुभव असतो आणि बोलण्याची संधी असते. त्याचे पहिले बोल चुकीचेही असू शकतील. परंतु ते बोलल्यावाचून खरे कारण शोधायला कोणी येत नाही.

अशा दडपणाला कायदा लागतोच असेही नाही. २३ मार्च २०२५ च्या रात्री कामरा यांच्याच एका कार्यक्रमावरून मुंबईत खारच्या 'हॅबिटॅट' या सभागृहाची मोडतोड झाली, आणि दुसऱ्याच दिवशी महापालिकेचे पथक तेथे बांधकाम तोडायला गेले. विनोद केला एकाने आणि भिंत पडली दुसऱ्याची. यानंतर सभागृह देणारा प्रत्येक मालक वक्त्याचे नाव विचारूनच किल्ली देईल. ग्रूपच्या अ‍ॅडमिनला आलेली नोटीस आणि त्या सभागृहावर पडलेला हातोडा यांचे गोत्र एकच आहे.

राईनपाड्याचा प्रश्न

तथापि या विवेचनाला दुसरी बाजू आहे, आणि तिच्याकडे पाठ फिरवणे समाजवाद्यांना शोभणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, ही अफवा त्या दिवसांत फोनमधून फिरत होती. मरणारे भटके होते, गरीब होते, त्यांच्या बाजूने बोलणारा ग्रूप नव्हता. मे २०२३ मध्ये शेजारच्या अकोल्यात समाजमाध्यमावरील मजकुराचे निमित्त होऊन दंगल झाली, एकाचा बळी गेला आणि इंटरनेट बंद करावे लागले. शब्दाने माणूस मरतो, हे ज्यांनी पाहिले त्यांना 'अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य' एवढे सांगून भागत नाही.

पण राईनपाड्यानंतर काय उपयोगी पडले, तेही पाहावे. व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एकच मजकूर एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे ढकलता येणार नाही, अशी मर्यादा घातली. कोणाचाही शब्द तपासला गेला नाही. शब्दाचा वेग तेवढा कमी झाला. वेग हा यंत्राचा गुण आहे, आणि यंत्र कंपनीचे आहे. फेसबुकसारख्या व्यासपीठावर तर कोणाच्या डोळ्यांपुढे कोणता मजकूर आधी आणायचा, हे कंपनीच ठरवते आणि त्या नजरा जाहिरातदाराला विकते. म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्धच्या हिंसेला आपल्या व्यासपीठाचा वापर होऊ नये म्हणून पुरेसे प्रयत्न झाले नाहीत, ही कबुली फेसबुकने २०१८ मध्ये दिली. २०२१ मध्ये फुटलेल्या अंतर्गत कागदपत्रांवरून असे छापून आले, की खोट्या माहितीची छाननी करण्याच्या तरतुदीतील ८७ टक्के वाटा अमेरिकेसाठी होता आणि उरलेल्या साऱ्या जगासाठी १३ टक्के. हे चित्र अपुरे असल्याचे कंपनीने म्हटले. परंतु मराठीतील विखार ओळखण्यासाठी किती माणसे नेमली आहेत, हे तिने जनतेला सांगितलेले नाही.

म्हणून तीन माणसांत भेद केला पाहिजे. पहिला बोलणारा. त्याने आपल्या शब्दाची जबाबदारी उघड न्यायालयात, निश्चित कायद्याखाली घ्यावी. दुसरा केवळ वाहणारा किंवा जागा देणारा: गावातील अ‍ॅडमिन, छापखानदार, सभागृहाचा मालक. कटात सामील असल्याचे सिद्ध झाल्यावाचून त्याला हात लागता कामा नये. तिसरा वाहण्यातून नफा मिळवणारा आणि नफ्यासाठी विखाराला वेग देणारा. त्याने लोकांच्या शब्दांसाठी नव्हे, तर स्वतःच्या यंत्रासाठी आणि स्वतःच्या निवडीसाठी उत्तर दिले पाहिजे. आजची राज्यव्यवस्था नेमके उलट करते. ती दुसऱ्याला दरडावते, तिसऱ्याशी गुप्तपणे सौदा करते आणि पहिल्याला सुनावणीदेखील देत नाही. कंपनीलाही हा सौदा परवडतो. शेतकऱ्याचे खाते बंद केल्याने तिचे काही बुडत नाही. सरकारशी भांडल्याने बुडते.

कार्यकर्त्यांचे काम

या भूमिकेतून काही मागण्या निघतात. मजकूर रोखण्याचा प्रत्येक आदेश कारणांसह प्रसिद्ध व्हावा. ज्याचा मजकूर गेला त्याला नोटीस आणि अपिलाची संधी मिळावी. इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सांगितले आहे; तेच तत्त्व मजकूरबंदीला लागू करावे. कंपन्यांनी प्रत्येक भारतीय भाषेसाठी नेमलेली माणसे, आलेले आदेश आणि पाळलेले आदेश यांचा हिशेब जाहीर करण्याची सक्ती कायद्याने व्हावी.

मागण्यांबरोबर घरचे कामही आहे. पक्षाच्या कार्यकर्त्याने चालवलेल्या ग्रूपचे नियम लिखित असावेत आणि ते सदस्यांनी मिळून ठरवावेत. जात, धर्म वा स्त्री यांची विटंबना करणारा मजकूर तेथे टिकू नये. तो काढावा तो नोटिशीच्या भयाने नव्हे, तर चळवळीची शिस्त म्हणून. नागपूरच्या प्रकरणातील अ‍ॅडमिन कायद्याने दोषी नव्हता. पण अपमानित स्त्रीच्या बाजूने ग्रूपमधील कोणी उभे राहिले पाहिजे होते, हे कोणत्याही समाजवाद्याला मान्य व्हावे. कायदेशीर दायित्व नसणे आणि नैतिक कर्तव्य नसणे या दोन गोष्टी एक नव्हेत. खातरजमा न करता पुढे ढकललेली अफवा ही राईनपाड्याच्या जमावात टाकलेले एक पाऊल असते, हे प्रत्येक तालुक्यातील बैठकीत सांगितले पाहिजे.

आणि एखाद्या अ‍ॅडमिनला नोटीस आलीच, तर तो एकटा पडू नये. नोटीस लेखी मागावी, तिची प्रत जपावी, १ मार्च २०२१ च्या निर्णयाचा हवाला देऊन लेखी उत्तर द्यावे आणि तालुका शाखेने त्याच्याबरोबर ठाण्यात जावे. भीती ही एकट्या माणसावर चालते, म्हणूनच ती एकेकट्याला बजावली जाते. मेहकरच्या तरुणाला आलेली नोटीस मलकापूर आणि चिखलीच्या कार्यकर्त्यांनी आपली मानली, तर ग्रूपला लागलेले कुलूप निघेल, आणि रखडलेल्या पीकविम्याची ती तक्रार पुन्हा वाचली जाईल.